रस्त्याकडे तोंड केलेले स्पीकर

मी वीज कंपनीत मीटर तपासतो. तारेतून काय येतं आणि काय येत नाही, हे मला कळतं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बाबा गेले आणि आईने झुलत्या खुर्चीत जी बैठक मारली, ती मारलीच. अख्ख्या बारांकिया शहरात नाचण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, तिने मागचा कार्निव्हल भिंतीकडे बघत काढला! बंदरातल्या साखळदंडाने बाबांची करंगळी कधीच खाल्ली होती, तरी नाचताना त्यांचा तो अर्धवट पंजा आईच्या पाठीवर असा बसायचा की गल्ली बघत राहायची. आता ही बसल्या बसल्या विझून जाणार, या भीतीने मला झोप लागेना. घरात गाणं लागलं तर उठेल, म्हणून आयुष्यातला पहिला स्टिरिओ घ्यायला निघालो. खिसा बेताचाच होता.

जुन्या मालाच्या दुकानात आबेलार्दोकाका चकचकीत डबा पुढे करत म्हणाले, "हा घे. दिवे बघ कसे लुकलुकतात!"

"दिवे ऐकायचेत का मला? ते कोपऱ्यातले लाकडी स्पीकर केवढ्याला?"

"ते नको, विल्फ्रिदो. आवाज झकास, पण गिऱ्हाइकं सारखी परत आणून देतात. मागे बसणारे कुरकुरतात."

"मागे कोण बसतं, काका?"

दोघंही खो खो हसलो. आमच्याकडे स्पीकर दारात मांडतात, रस्त्याकडे तोंड करून. घरचेसुद्धा समोरच्या फुटपाथवर खुर्च्या टाकून ऐकतात. मी तेच उचलले, तबकडी वाजवायच्या यंत्रासकट.

कार्निव्हलच्या शनिवारी, भर दुपारी, तबकडी लावली. समोरच्या घराचा पत्रा थरथरला की माल चोख, हीच आमची परीक्षा.

"ओस्वाल्दाताई, पत्रा वाजतोय का?"

"पत्रा कसला, माझी कवळी वाजतेय, मेल्या!"

माझी छाती फुगली. रस्त्यात पोरं कार्निव्हलच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांना मक्याचं पांढरं पीठ फासत होती. घरात एकटी आई, स्पीकरच्या मागे.

स्पीकर ओलांडून पाणी प्यायला आत गेलो, तर आई हसत होती.

"काय गं?"

"तुझे बाबा म्हणतायत, पोराला गंडवलं. उजवा डबा खुळखुळतोय."

खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. डबा तपासला. मागचा स्क्रू ढिला होता.

"मेल्यावरही खोड जायची नाही माणसाची!" मी म्हणालो आणि माझं मलाच कसंतरी झालं.

डब्याच्या पाठीला कान लावला. गाण्याखाली कुणीतरी घसा खाकरला.

बाबा असंच खाकरायचे. नाचायला उठण्याआधी.

आई उठली. आतून लाल झगा घालून आली आणि दोन्ही हात उचलून नाचू लागली. पाय तेच, गिरकी तीच. मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो.

दार दोन्ही स्पीकरनी अडवलेलं. बाहेरचं कुणी आत आलं नव्हतं. माझे हात स्वच्छ होते.

गाणं संपलं.

"पुढचं लाव ना रे," आई धापा टाकत म्हणाली, "ते ताटकळलेत."

आणि ती वळली.

लाल झग्याच्या पाठीवर पिठाचा पांढरा पंजा उमटला होता. करंगळी नव्हती.

मी तबकडी बदलली.