आवाज बंद ठेवून

दुपारचं जेवण आटोपून, ताट विसळून पालथं घालून, दार बाहेरून किल्लीने बंद करून कात्री नेहमीसारखा कामाला निघाला. कात्री हे त्याचं खरं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्याने संकलनाच्या टेबलावर इतरांचे चित्रपट कापण्यात घालवली, आणि हात थकल्यावर जिभेने तेच काम पुढे चालू ठेवलं, म्हणून धंद्यातल्या लोकांनी त्याला हे नाव ठेवलं होतं. ते त्याच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

आता तो परीक्षक होता. ज्यांच्याकडे ना पैसा ना पाठबळ अशा लोकांनी पदरमोड करून काढलेल्या झॉम्बीपटांचा एक छोटासा महोत्सव भरायचा. मेलेली माणसं उठून चालतायत, जिवंत पळतायत, हा सगळ्यांचा ठरलेला ऐवज. महोत्सवाची एक रीत होती. चित्रपटावर कुणाचं नाव नसायचं. परीक्षकाने तो एकट्याने बघायचा, मग ज्याने काढला त्याला समोर बसवून तोंडावर सांगायचं, आधी जमेची बाजू, मग कच्ची. बाहेर बाकावर ताटकळणारी मंडळी याला शवविच्छेदन म्हणत, आणि कात्रीच्या हाताखालून गेलेला माणूस दुसरा चित्रपट काढायच्या भानगडीत सहसा पडत नसे.

त्याची मतं पक्की होती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे या लोकांना कुणी सांगितलेलंच नसतं. गालाला पिठाचा लगदा थापला की माणूस मेला असं त्यांना वाटतं. गर्दी म्हणून चार मित्र उभे करायचे, तेच कॅमेऱ्याच्या मागून पळत जाऊन शर्ट बदलून पुन्हा समोरून लंगडत येणार. मढी कसली, लग्नाच्या वरातीतून परतलेले दारुडे. मेलेला माणूस उठून चालायला लागला तर त्याला कुठेतरी पोचायचं असणार, एवढी साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात येत नाही. जमेची बाजू म्हणाल तर एकच. खिसा रिकामा असला की चित्राची चौकटही रिकामी ठेवावी लागते, आणि रिकाम्या जिन्याइतकं भयाण काही नसतं. पण तिथे थांबायला धीर लागतो, आणि तो कुणाकडेच नसतो.

त्याचा एक नियम होता. पहिल्यांदा बघताना आवाज बंद. किंकाळ्या आणि ढोल यांच्याखाली वाटेल ते झाकता येतं, आवाज काढून घेतला की चित्र उघडं पडतं. दुसऱ्यांदा बघायची पाळी त्याने स्वतःवर फारशी येऊ दिली नव्हती.

बघायची खोली एका कचेरीच्या तळघरात होती. मोजक्या खुर्च्या, भिंतींना कळकट जाजम चिकटवलेलं, ओलसर वास, आणि गरम यंत्रावर धूळ जळते तो वास. मागच्या काचेआड ऑपरेटर बसायचा. कानांवर हेडफोन असल्यामुळे तो एकटा सगळं ऐकत असे.

शेवटचा चित्रपट लागला. एक रिकामी झालेली इमारत. टोकाच्या खोलीत लपून बसलेली एक मुलगी. जिन्यावर मढी, पीठ, तेच मित्र, तेच शर्ट. कात्रीने जांभई दिली.

मग एक लांब बोळ आला. दोन्हीकडे बंद दारं, छताला एकच ट्यूबलाईट, टोकाला मुलीच्या खोलीचं दार. कॅमेरा हलत नव्हता. आणि त्या बोळातून एक बाई पाठमोरी चालत होती.

कात्रीची जांभई अर्धवट राहिली.

अंगावर घरातला साधा कपडा, केस कसेबसे गुंडाळलेले, एक हात भिंतीवरून सरकत होता. एक पाय नीट पडायचा, दुसरा मागून ओढला जायचा. ती मेल्याचं सोंग आणत नव्हती. घाई असून घाई करता न येणाऱ्या माणसासारखी ती दाराकडे निघाली होती. बोळ पुन्हा दिसला तेव्हा ती आणखी पुढे गेलेली होती. तिसऱ्यांदा त्याहून पुढे. दारापर्यंत ती पोचायच्या आतच चित्रपट संपला. कात्रीच्या हातावर काटा उभा राहिला होता. पडद्यावरच्या मढ्याने त्याला घाबरवून किती वर्षं झाली होती, कुणास ठाऊक.

काचेमागून ऑपरेटरचा दबका आवाज आला. "साहेब... याला आवाज लावून बघा एकदा. आवाज चांगला आहे हो."

"चित्र कळलं मला," कात्री म्हणाला. "बोलवा कोण आहे त्याला."

दार उघडून त्याची मुलगी आत आली.

आई गेल्यापासून तिने घरात पाऊल टाकलं नव्हतं. इस्पितळात सगळं संपल्यानंतर तो पोचला होता, कुठलंसं परीक्षण अर्ध्यावर सोडता येत नव्हतं म्हणून. तेव्हा ती फक्त "आता आलात?" एवढंच म्हणाली होती. त्यानंतर फोनवर तुटक बोलणं, आणि पुढे तेही बंद. ती कुठेतरी ध्वनिमुद्रणाचं काम करते, याच्यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं. जे काही जोडायचं ते आजच जोडायला हवं, आज चुकीचा शब्द गेला तर ही पुन्हा येणार नाही, हे त्याला स्पष्ट कळत होतं.

"तू? आणि झॉम्बीपट?"

"नाव नसतं म्हणूनच पाठवला," ती समोर बसत म्हणाली. "सांगा. आधी जमेची बाजू."

त्याने घसा साफ केला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचं तरी मनापासून कौतुक करायचं होतं, आणि नशिबाने कौतुक करण्यासारखं हाताशी होतंही.

"ती बोळातली बाई. कुठून मिळवलीस तिला? बाकी सगळं ठीकठाक आहे, पण ती... इतक्या वर्षांत असं चालणारं माणूस मी पडद्यावर पाहिलं नाही."

"कोण बाई?"

"अगं, पाठमोरी. भिंतीला हात लावून चालते ती. एक पाय ओढत."

काचेमागे ऑपरेटरने हेडफोन काढून खाली ठेवला.

"बाबा, बोळ रिकामा आहे. तिथे मी कुणाला उभंच केलं नव्हतं." तिचा आवाज एकदम खाली आला. "आवाज बंद ठेवून पाहिलात ना?"

त्याने मान हलवली.

"तिथे नुसती पावलं आहेत. रिकामा बोळ आणि पावलं. आईची. ती होती तेव्हाच टेप करून ठेवली होती मी. जिन्यावर तुमची चाहूल लागली की ती उठायची, आतली कडी काढायला. गुडघा गेला तरी उठायची. मी म्हणायची, तू बस, मी काढते. तर म्हणायची, नको, त्यांना बेल वाजवायची सवय नाही." ती थांबली. "ती पावलं तुम्ही एकदा तरी ऐकावीत म्हणून हा सगळा खटाटोप केला. दुसरं काही नको होतं मला."

कात्रीने आठवून पाहिलं. खरंच, स्वतःच्या घराची बेल त्याने कधी दाबली नव्हती. तो वर पोचेपर्यंत दार उघडं असायचं. ते आपोआप उघडतं, असंच जणू तो धरून चालला होता.

"आणि ती तुम्हाला दिसली," मुलगी म्हणाली. "दिसली, आणि तुम्हाला वाटलं, कुणीतरी चांगली नटी आणलीय."

शर्ट बदलला तरी गर्दीतला माणूस ओळखणारा तो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. संसार केलेल्या बायकोची चाल त्याला ओळखू आली नव्हती.

"पुन्हा लावा," तो ऑपरेटरला म्हणाला. "आवाजासकट."

बोळ आला. तीच दारं, तीच ट्यूबलाईट. आणि आवाज. एक पाऊल ठाम, दुसरं फरफटत. ठाम... फरफट... ठाम... अगदी जवळ, खुर्चीच्या मागे कुणी चालावं इतकं जवळ. पण बोळ रिकामा होता. त्याने डोळे ताणले. कुणी नव्हतं.

मग, का ते त्यालाही सांगता आलं नसतं, त्याने दोन्ही कानांत बोटं घातली.

ती होती. दाराच्या अगदी जवळ. मघाशी जिथे चित्रपट संपला होता त्याच्याही पुढे. तिचा हात कडीकडे गेला होता... आणि मान हळूहळू मागे वळू लागली होती.

त्याने झटक्याने बोटं काढली. रिकामा बोळ, आणि पावलं.

"काय करताय?" मुलीने विचारलं.

"ऐकू आली नाही तरच दिसते," तो कुजबुजला. "तू बघ. कान बंद कर... बघ ना एकदा."

मुलगी उठून उभी राहिली. पडद्याकडे तिने पाहिलंही नाही.

"मला नको. मी तिला रोज पाहिलंय." पर्स खांद्याला लावून ती दारापर्यंत गेली. "कच्ची बाजू राहिली सांगायची. ती मला कळली. ज्याच्यासाठी काढला त्याला दाखवायला नको होता."

तो तिच्या मागे उठेपर्यंत ती जिना चढून गेली होती. ऑपरेटरने यंत्र बंद केलं आणि त्याच्याकडे न बघता दिवे लावले.

घरी पोचेस्तोवर दिवेलागण होऊन गेली होती. जिन्यातून वर येताना कात्री स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकत होता, तोही पहिल्यांदाच. चप्पल कशी वाजते, कठड्याशी वळताना श्वास कसा लागतो, शेवटच्या पायरीवर आपण जरा थांबतो. कुणीतरी एवढ्यावरून माणूस ओळखत होतं. त्याला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही येत होता. मुलीला फोन करावा असं वाटलं, पण काय म्हणणार, हे सुचेना. एवढं कापत आलेल्या माणसाला जोडायचं कसं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्याने किल्ली फिरवली. कुलूप सरकलं. दार ढकललं.

दार उघडलं नाही.

त्याने खांदा लावून पुन्हा ढकललं. दार वरच्या बाजूला अडत होतं, कडीपाशी. आतून कडी घातलेली होती. दुपारी दार ओढून घेताना घरात कुणी नव्हतं, आणि दुसरी किल्लीही कुणाकडे नव्हती. इस्पितळातून आलेल्या बायकोच्या सामानाबरोबर ती परत आली होती, आणि त्याने ती तिच्या कपाटात टाकली होती.

बेलचं बटण दाराशेजारीच होतं. त्याने बोट वर नेलं.

आत, घराच्या पार टोकाला, काहीतरी हललं. मग एक पाऊल. ठाम. त्यामागून फरफट.

त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं, दाबलं गेलं नाही. पावलं स्वयंपाकघर ओलांडून बाहेरच्या खोलीत आली. सावकाश. घाई असून घाई करता येत नसल्यासारखी. भिंतीवरून हात सरकल्याचा आवाज त्याला लाकडाच्या या बाजूला स्वच्छ ऐकू आला. मग दारापाशी सगळं थांबलं, आणि आतली कडी, नेहमी कुरकुरते तशी कुरकुरून, बाजूला झाली.

दार हातभर उघडलं. आत अंधार होता. समोर कुणी नव्हतं, पण अगदी समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, थकलेला श्वास येत होता.

ती कशी दिसेल ते त्याला माहीत होतं. कान झाकले की झालं. पडद्यावर ती वळत होती, आता वळून झाली असेल. चाल तर ओळखू आली नाही. चेहरा तरी ओळखू येईल का, आणि नाही आला तर ती काय करेल, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

त्याने दोन्ही हात कानांपर्यंत नेले, पण कान न झाकता तसाच उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आतून कुणीतरी एक पाऊल पुढे टाकलं. या वेळी दुसरं पाऊल फरफटलं नाही, तेही ठाम पडलं; आता तिला घाई करता येत होती.