गाळाची चव

खारवली बंदराची नवी जेट्टी कुणी बांधली नव्हती, ती वाढली होती. सहा वर्षांत साडेतीन किलोमीटर! तिला सिमेंट लागलं नाही की डोंगर फोडावा लागला नाही. चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं तिला येऊन लागत आणि देशोदेशीचे बंदर-अधिकारी ती बघून तोंडात बोटं घालत.

कोकणातल्या बंदरांचा जुना वैरी म्हणजे गाळ. पावसाळ्यात नदीनं तो आणून टाकायचा, हिवाळ्यात ड्रेजरनं उपसून लांब समुद्रात न्यायचा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉ. शर्वरी केळुसकरला हा गाढवपणा पाहवेना. तिनं प्रयोगशाळेत एक सूक्ष्म जीव घडवला आणि त्याचं नाव ठेवलं शिळाजंतू. हा जंतू युरिया खातो, शेतात टाकतात तोच युरिया. तो पचवताना जे कार्बोनेट सुटतं, ते पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळून चुनखडी बनते आणि गाळाचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. पाण्यात जाळीचा साचा उभा करायचा, नळीतून युरियाचा खुराक सोडायचा, की पंधरा दिवसांत चिखलाची भिंत दगडासारखी टणक.

आणि ती वाढायची थांबवायची कशी, हे प्रत्येक समितीनं विचारलं होतं. उत्तर सोपं होतं. समुद्राच्या पाण्यात युरिया जवळजवळ नसतोच. खुराक बंद केला, की दोन दिवसांत जंतू उपाशी मरतात. शर्वरी याला लगाम म्हणायची. एकोणीस तज्ज्ञांनी तो लगाम तपासून मान डोलावली होती.

मंगळवारी सकाळी बंदराच्या दुसऱ्या टप्प्याच्या मंजुरीवर तिची सही व्हायची होती. आणखी सहा किलोमीटर. संचालक सबनीसांचे दोन फोन येऊन गेले होते. तेवढ्यात भिवा तांडेल तिच्या कार्यालयात आला, ओल्या केसांनी. भिवा हा बंदराचा सर्वांत जुना पाणबुड्या. पहिल्या टप्प्याचा फूटन् फूट त्यानं हातानं चाचपलेला.

"बाय, सही करू नको," तो उभ्यानंच म्हणाला. "भिंत आपल्या मनान वाडता हा."

"कुठं?"

"आमच्या गाबीतवाड्याच्या अंगाक. तीस फूट पुढे गेलीहा."

"शक्यच नाही, भिवाकाका. तिकडे आपण खुराकाची नळीच टाकलेली नाही."

"नळी नाय. पण थय गटार आसा. आमच्या वाड्याचा आणि तुमच्या टाउनशिपचा सगळा सांडपाणी थयच येता."

शर्वरीनं टेबलावरचा नकाशा पुढे ओढला. बंदर वाढलं तशी टेकडीवर चाळीस हजार माणसांची वसाहत उभी राहिली होती. माणसाच्या लघवीत युरिया असतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण एकोणिसांतल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं. सगळ्यांनी नमुने घेतले ते खुल्या समुद्रातले, बोटीत बसून, टोप्या घालून. आणि तिनंही. तिला आपली लाज वाटली, आणि पहिल्यांदाच भीतीही वाटली.

भिंत माणसांच्या दिशेनं निघाली होती.

"नक्की भिंतच आहे ना? नुसता दाबलेला गाळ असेल," ती म्हणाली. आवाजात आर्जव होतं.

"मिया चाखून बघलंय."

"काय?"

"गाळ. दातांखाली करकरलो तर रेव, चिकाट लागलो तर चिखल. आणि भिंत धरूक लागली काय चुन्यासारखी जीभ ओढता. माझो बापूस ड्रेजरार होतो, तो तसोच बघी. तुमच्या यंत्राआधी माका कळता." भिवाच्या बोलण्यात अभिमान होता. नकाशावर जागा दाखवायला त्यानं हात पुढे केला. तर्जनी काठीसारखी सरळच राहिली.

"बोटाला काय झालं?"

"वाकणा नाय. वय झाला आता."

शर्वरीनं त्याचा हात हातात घेतला. बोटाचं पेर टणक लागत होतं, हाडापेक्षाही टणक.

"किती वर्षं चाखताय?"

"पयल्या दिसापासून. थुकतंय मगे. थोडा जाता पोटात."

तासाभरात बंदराच्या दवाखान्यातल्या पडद्यावर भिवाच्या हातांचे, गुडघ्यांचे आणि छातीचे एक्स-रे उजळले. सांध्यासांध्यांत पांढरे डाग होते. गुडघ्यांतही होते. छातीच्या पिंजऱ्याजवळ एक बारीक, नीट, सरळ रेघ होती. साच्यात भिंत धरू लागताना पहिली रेघ अशीच उमटते, हे शर्वरीनं शेकडो वेळा पाहिलं होतं.

"स्पष्ट सांग, बाय," भिवा म्हणाला.

तिनं सांगितलं. अशा माणसापासून काय लपवणार? "आपण जेवतो, त्यातून शरीरात युरिया तयार होतो. मूत्रपिंडं तो सतत बाहेर टाकतात, पण रक्तात थोडा राहतोच. जिवंत माणसाच्या रक्तात तो कायम असतो. आणि कॅल्शियमही असतं."

भिवानं आपली तर्जनी चाचपली. "म्हणजे माझो खुराक बंद करूक येवचो नाय."

"नाही."

"औषध?"

"जहाजांच्या तळाला विषारी रंग देतात. त्यानं जंतू मरू नयेत म्हणून आम्हीच त्यांना चिवट केलंय. नेहमीची औषधं त्यांना लागू पडणार नाहीत. मी शोधीन, काका. रात्रंदिवस शोधीन." तिला रडू आवरेना. "मला माफ करा."

भिवानं ताठ बोटाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताचं वजन तिला सोसवेना.

मग ती उठली. सबनीसांना फोन लावून तिनं दुसरा टप्पा थांबवला, सगळ्या नळ्या बंद करायला लावल्या आणि गटाराच्या तोंडाशी पहारा बसवायला सांगितला. पलीकडून ते काहीतरी ओरडत होते, ते न ऐकता तिनं फोन ठेवला. वही उघडली.

"आणखी कोण चाखतं गाळ?"

"कोण नाय. नवीन पोरांका किळस येता."

तिला हायसं वाटलं. एकच माणूस, म्हणजे अजून आवरता येईल.

"आणि तुमचं उष्टं घरी कुणी खातं का? ताटातलं, पेल्यातलं?"

"छ्या! बायल माझी सोवळ्याची..." भिवा बोलता बोलता थांबला.

"काका?"

"नात आसा. चवदा म्हयन्यांची." तो दवाखान्याच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "बांगड्याचो काटो घशात अडकता ना बारक्या पोरांच्या. म्हणून मिया आदी आपल्या तोंडात घेतंय. दातान काटे काडतंय, मऊ करतंय, आणि मगे तिका भरवतंय. आमच्यात सगळे तसाच भरवतत."

शर्वरीनं पेन खाली ठेवलं. विचारायचा धीर होत नव्हता, तरी तिनं विचारलं.

"कशी आहे ती?"

"बरी आसा," भिवा घाईनं म्हणाला. मग हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला.

"चेडू गेल्या म्हयन्यात पावला टाकून चलाक लागलला. आता चार दिस झाले, गुडघो वाकवणा नाय. सून म्हणता, हट्ट करता."