दुहेरी चिलखत

इवामोरी गडाच्या बुरुजांवर पहाट फुटली, तेव्हा खालच्या पठारावरचे धुके विरून शत्रूच्या छावणीतली निशाणे एकेक करून दिसू लागली. जपानातल्या त्या डोंगरी गडाला वेढा पडून चाळीस दिवस झाले होते आणि पाण्याची टाकी कालच कोरडी पडली होती. अखेर उभयपक्षी ठरले, की दोन्हीकडचा एकेक घोडेस्वार तिरंदाज मैदानात उतरेल. गडाचा स्वार जिंकला, तर गडावरच्या साऱ्या बायका-मुलांनी दुपारच्या आत निघून जावे, हरला तर कोणालाच वाट नाही.

गडाचा स्वार म्हणजे वृद्ध कागेनोबू. त्याच्या धनुष्याला दोरी चढवायला तीन माणसे लागतात, अशी त्याची मुलूखभर कीर्ती. पण गेल्या हिवाळ्यात त्याचा खांदा निखळला, आणि तेव्हापासून तो तसेच दिसणारे हलके धनुष्य वापरी. हे गुपित दोघांनाच ठाऊक होते: पत्नी चिगुसाला आणि दिवाण मोरिसादाला.

शत्रूचा स्वार अराकी मैदानात आला. बुरुजावर चिलखत बांधून घेणारा कागेनोबू टक लावून पाहत राहिला.

"पाहिलेस, चिगुसा? एकावर एक दोन चिलखते चढवली आहेत त्याने."

"मग?"

"माझ्या जुन्या धनुष्याचा बाण दोन्ही फोडून गेला असता. उगाच एवढे ओझे कोण घेईल? माझे बळ सरल्याचे त्याला कळले आहे."

चिगुसाचा चेहरा पांढराफटक पडला. "मेल्या दिवाणाने घात केला! आत्ताच गडाच्या धन्यांच्या कानी घालते."

"आत्ता नाही. निम्मे शिपाई त्याच्या शब्दातले. आपसात तलवारी उपसल्या, तर आपल्या नातवाला बाहेर कोण काढील?"

"मग तुम्ही तरी जाऊ नका हो!"

"त्या ओझ्याखाली त्याला वळता येणार नाही. मात्र समोरून माझा बाण ती चिलखते फोडणार नाही, म्हणून त्याचा पहिला बाण मला खावा लागेल."

धनुष्य डाव्या हाती, म्हणून स्वार तिरंदाजाने शत्रूला डाव्या अंगालाच ठेवायचे. उजवीकडे त्याला बाण सोडताच येत नाही. दोघे समोरासमोर भरधाव आले. अराकीचा बाण चिलखत भेदून कागेनोबूच्या पोटात रुतला. आणि म्हातारा? त्याने धनुष्य उचललेसुद्धा नाही! गडावर एकच आकांत उडाला. तोच त्याने घोडा गर्रकन वळवला आणि मागून दौडत अराकीच्या उजव्या अंगाला येऊन भिडला. आता शत्रू त्याच्या डाव्या हाताला होता. अराकीने वळायची शिकस्त केली, पण दोन चिलखतांत कंबर हलेना. दुसरा बाण ओढायला त्याने हात उचलला मात्र, उघड्या पडलेल्या काखेत कागेनोबूचा बाण शिरला. अराकी घोड्यावरून कोसळला.

शत्रूने शब्द पाळला. कागेनोबूला उचलून गडावर आणले, तेव्हा त्याचा श्वास चालू होता. चिगुसा भर दरबारात उभी राहिली.

"धनी, यांचे धनुष्य हलके आहे हे दोघांनाच ठाऊक होते. एक मी." तिने बोट रोखले. "दुसरा हा!"

दिवाणाने आपल्या शिपायांकडे पाहिले. एकानेही तलवारीला हात घातला नाही. धन्यांच्या हुकमाने त्याला तिथेच जेरबंद केले.

दुपार होत आली. एकही बाई गडावर राहता कामा नये, ही कराराची अट होती.

"जा," कागेनोबू कसाबसा म्हणाला. "पोराला सांभाळ."

संध्याकाळी तो गेला. नातवाला पाठीशी बांधून चिगुसा तेव्हा तीन कोस दूर पोचली होती. वाटेत तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते, तर तिचा पाय निघाला नसता.