निवडलेली चुनखडी

"कोण हाय तिकडं? दिवसाढवळ्या पानं चोरता व्हय?"

वेलीमागून एक चष्मेवाला उभा राहिला. हातात आमच्याच पानमळ्यातलं पान, पिवळ्या डागांचं.

"चोरत न्हाय... तपासतोय. मी शरणबसप्पा, गिरणीचा नवा केमिस्ट."

"मग तुमच्याच धुरानं जळलंय ते. घ्या, न्या, चाटा!"

तो हसला. मेल्याला हसायला काय झालं! पण माझा राग कुठं गेला, कुणास ठाऊक.

निजामाचं राज्य होतं तवा. नळदुर्गाजवळ आमच्या मळ्याला लागून सरकीच्या तेलाची गिरणी होती, अन् तिच्या भट्टीत लई गंधकाचा कोळसा जळायचा. शरणबसप्पा म्हणायचा, कोळशात चुनखडी कुटून घातली की गंधक तिथंच अडकतं. किती घालायची, एवढाच हिशेब. दोन महिन्यांनी त्यानं आप्पांकडं मला मागणी घातली. आप्पा म्हणाले, "आधी वेली वाचवून दाखवा. मग चन्नम्माचं बोलू." मी आतून ऐकलं अन् तव्यावरची भाकरी करपवली.

"ओढ्यातली ओंजळभर चुनखडी आणा," त्यानं मला सांगितलं. "जशी असंल तशी."

जशी असंल तशी? त्याला? छे! अक्षतांचे तांदूळ निवडावेत तसे मी पांढरे-पांढरे खडे निवडले, धुतले, पदरानं पुसले. त्यानं वर तेजाबाचा थेंब टाकला — फस्स करून फेस आला.

"लई तापट खडे हाईत. आणणारीवर गेलेत."

"मग लांब उभं राहावं माणसानं."

"राहवत न्हाय हो..."

मी पळाले बिळाले न्हाय. तिथंच उभी राहिले.

शंभर शेर कोळशात चार शेर गंधक. त्याच्या तिपटीहून जरा जास्त चुनखडी, अन् निम्मी वाया जाते म्हणून दुप्पट. माझ्या खड्यांवरून त्यानं मालकाला लिहून दिलं — पंचवीस शेर.

पण ओढ्यातून गाड्या भरभरून आली ती चुनखडी निम्मी मातीच होती. त्या आकड्याच्या भरवशावर मालकानं दुसरी भट्टीही पेटवली. पंधरा दिवसांत सगळा मळा काळा पडला. शरणबसप्पाला काढून टाकलं.

मोटारीच्या थांब्यावर मी त्याला गाठलं.

"तुमचा हिशेब चुकला न्हाय. खडे मी निवडून आणले होते... मला तुम्ही हवे होता, म्हणून. आप्पांना आजच सांगते."

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नको. माझ्यावरच राहू दे. मला जायचंच हाय, चन्ना... तुला त्याच घरात राहायचंय."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. तेवढ्यात हैदराबादची मोटार आली.

सांगायचंच, असं ठरवून मी घरी गेले. आप्पा उपटलेल्या वेलींपाशी बसले होते. माझं तोंडच उघडलं न्हाय. वर्षानं मला जळकोटला दिलं. माहेरी गेले की आप्पा जेवताना शरणबसप्पाला शिव्या घालायचे, मरेपर्यंत घातल्या... अन् मी मुकाट्यानं त्यांना वाढत राहिले.