मल्हारीची रांग

हसू नका, भुताची गोष्ट भरदुपारचीही असते. औंढा नागनाथला आमचं छोटं कार्यालय आहे. मेंढपाळ फोनवर बोलून विचारतात, पाणी कुठं, चारा कुठं, रस्ता कोणता. यंत्र उत्तर देतं. प्रत्येक फोनसाठी उत्तरांची तात्पुरती रांग बनते. ती फक्त त्याच फोनला वाचता येते आणि फोन बंद पडला की आपोआप पुसली जाते. त्या रांगांची राखण माझ्याकडे.

त्या दुपारी हट्ट्याहून यशोदाबाई आली. तिच्या नवऱ्याला, मल्हारीला, माती देऊन महिना झाला होता. फोनवाचून त्याला करमत नसे, म्हणून भावकीनं त्याचा चालू फोन उशाशीच पुरला होता.

"पद्मजाताई, त्येंचा फोन बंद करा. आमची दीपमाला जेवत न्हाई. बाबा रस्ता इचारून राहिले, म्हनती."

"अहो, तो केव्हाच बंद पडला असेल," म्हणत मी पाहिलं. मल्हारीची रांग उघडी होती.

बाहेर रणरणतं ऊन, आणि खोलीत भिजलेल्या लोकरीचा वास. बिघाड असेल, अशी मनाची समजूत घालून, आत काय चाललंय ते पाहायला मी नियमच सैल केला: ही रांग कुणीही वाचावी, कुणीही तीत बोलावं. घाईत एक विसरले. रांगेतला निरोप एकालाच मिळतो, जो आधी उचलेल त्याला.

'हट्टा जवळच आहे,' पडद्यावर उमटलं. मल्हारीला जायचं उत्तर मीच उचललं होतं.

मग स्पीकर खरखरला. "रस्ता… काहून सांगत न्हाईत…"

"त्येच हायेत!" मी अडवायच्या आत यशोदाबाई माईकपाशी वाकली, रडत म्हणाली, "अवो, ओढा वलांडून या… दार उघडंच हाय."

फोन बंद पडला, रांग पुसली गेली. विचारणाऱ्याला आता काही विचारायचं नव्हतं.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू! यशोदाबाई मात्र पांढरीफटक पडली.

"ताई… पोरगी घरी एकलीच हाय."

आम्ही तिच्या घरी फोन लावला. दीपमालानं उचलला. तोंडात घास होता, आवाज खुशीत होता.

"कोन भरवून राहिलं गं तुला?"

चावणं थांबलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "पन माय… घास मातीचा लागून राहिला."