टाइप करणारे : दोन

रविवारी दुपारी किशोरी खारघरहून पनवेलच्या ऑफिसात आली, ती फक्त एक चाचणी उरकायला. लष्कराच्या गोपनीय माहितीवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर तिनंच लिहिलं होतं. ते अधूनमधून स्वतःलाच तपासायचं. आपल्यात कुणी फेरफार केलाय का? कीबोर्डवरची बोटं ओळखीचीच आहेत ना? शंका आली, की सगळं कुलूपबंद. संध्याकाळी अधिकारी बघायला येणार होते. आज ते पास झालं नाही, तर काम दुसऱ्या कंपनीला आणि किशोरी घरी.

बिनखिडक्यांच्या त्या खोलीत दुपार काय नि मध्यरात्र काय, सारखंच. एसीची घरघर, तापलेल्या वायरींचा वास. पडद्यावर अक्षरं आली : फेरफार नाही. टाइप करणारे : दोन.

"दोन? मी एकटी मरतेय इथे!"

तिनं कीबोर्ड बदलला. मशीन बंद करून चालू केलं, सगळा कोड पुन्हा डोळ्यांखालून घातला. नाकी नऊ आले, तरी दोन ते दोनच. शेवटी ती हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. आणि कीबोर्डवरची एक कळ आपोआप खाली गेली. टक्...

एरवी ती किंचाळत बाहेर पळाली असती. पण आज तिचं डोकं सणकलं होतं. दुसऱ्या कुणी दिला असता तर तिनं त्याला फाडून खाल्लं असतं, असा हुकूम तिनं स्वतःच सॉफ्टवेअरला दिला : आत्ता आहे तेच मूळ समज. आधीचं पुसून टाक.

पडदा क्षणभर काळा झाला. मग, टाइप करणारे : एक.

"सुटले बाई!" म्हणत ती समोरच्या टपरीवर गेली. कागदी कपात चहा घेऊन परत आली, तर दाराला कार्ड चालेना. लाल दिवा. तिनं वॉचमनला, काशिरामला, हाक मारली. रोज तिची चौकशी करणारा माणूस.

"काका, दार उघडा ना जरा."

काशिरामनं तिला खालीवर न्याहाळलं. "कोन पायजे तुमाला?"

"काका... मी किशोरी."

"किशोरी मॅडम आत हायत. कामात हायत." आवाजात थट्टा अजिबात नव्हती.

चहा तिच्या बोटांवर सांडला, तरी तिला भाजलं नाही. आत कुणीतरी झरझर टाइप करत होतं. मग तो आवाज थांबला.

"काका, कोण आहे?" आतून तिचाच आवाज आला, चांगलाच वैतागलेला.

काशिराम तिच्याकडेच बघत होता.

"कोनी नाय, मॅडम."