कंपनीचा हात

पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती रंगवून झाली की शेवटी डोळे रेखाटतात. त्याला आखणी म्हणतात. दाजींची आखणी बघायला वडखळच्या पलीकडून माणसं यायची. मग एका कंपनीने हंगामभर त्यांच्या मनगटाला पट्टा बांधून रेषा टिपल्या आणि कारखान्यात एक लोखंडी हात बसवला. पट्टा सुटला आणि दाजींचा उजवा हात लुळा पडला. डॉक्टर पक्षाघात म्हणाले. दाजींच्या मुलीने, अपेक्षाने, ते मानलं.

लोखंडी हात हुबेहूब दाजींसारखा कुंचला झटकायचा. टिपलेलंच उमटतंय, अपेक्षा स्वतःला समजवायची. पण आतल्या खोलीत दाजींना ठसका लागला, की इकडे रेष थांबायची. तो ठसका कुणी टिपला होता?

यंदा कंपनीने कळवलं, हात परत नेणार. प्रोग्रॅम उघडायचा नाही, नक्कल करायची नाही, असं करारात होतंच. अपेक्षा कॉम्प्युटर शिकलेली. वडिलांच्या रेषा तरी घरात राहाव्यात म्हणून तिने तो उघडला.

शनिवारी दुपारी रोह्याहून कंपनीचा सुजय आला. हात आखणी करत होता. शेजारी लॅपटॉपवर उघडा प्रोग्रॅम.

“ताई, हा गुन्हा हाय.”

“बापाचा हात नेलात तुम्ही, आणि चोर मी?”

“सही त्यांचीच हाय ना?” सुजयने आवाज खाली आणला. “काय दिसलं आत?”

“कायच नाय. मोटर फिरवायच्या सूचना. दाजींची एक रेष नाय.”

तो स्टुलावर टेकला. “आमालाबी कधी सापडली नाय.”

“मग एवढं कुलूप कशाला?”

“म्हणूनच.”

त्याने मोबाईलवर बोट दाबलं. हात पापणीच्या मध्यावर थांबला. कुंचल्याच्या टोकाशी काळा थेंब फुगला.

आतून आईची हाक आली. “अपेक्षा, इकडं ये गो! ह्यांनी श्वास घेतलाय, सोडतच नायत.”

पापणी एका श्वासात ओढायची असते.

“चालू कर!” अपेक्षा ओरडली.

“माज्याकडनं नाय होत. एकदा बंद केला की मुंबईहूनच उघडतात.” सुजय पांढराफटक पडला होता. “सोमवारी.”

ती आत धावली. दाजी जागे होते. छाती वर उचललेली, तशीच. नजर समोर, स्थिर.

तिने नाकाखाली बोट धरलं; श्वास लागला नाही. मग मनगट चाचपलं.

नाडी संथ चालू होती.